पुनश्च हरिः ॐ : एका मथळ्याचा विचार

दरमहा लिहिणाऱ्याचा नेम एकदा मोडला म्हणजे तो पुन्हा धरताना पहिली अडचण पडते ती विषयाची नव्हे, तर तोंड कसे उघडावे याची. वाचकांची क्षमा मागावी, तर आपल्यावाचून त्यांचे फार अडले होते असे गृहीत धरल्यासारखे होते. न मागावी, तर शिष्टाचार सुटतो. लेखणी ज्या कारणाने थांबली ते कारण विस्ताराने सांगावे, तर सगळा लेख आपल्याच कैफियतीने भरून जातो. न सांगावे, तर मध्यंतरी काही घडलेच नाही असा आव आणावा लागतो. आमचे दरमहाचे लिखाण २०२० सालच्या मार्च महिन्यात तुटले. पुढे प्रसंगोपात्त काही लिहिले गेले. परंतु प्रसंगाने लिहिणे निराळे आणि नेमाने लिहिणे निराळे. दौंड तालुक्यातील कुरकुंभ या गावी, सोलापूरच्या हमरस्त्यालगतच्या घरात बसून आता तो नेम पुन्हा धरण्याचे योजिले, तेव्हा वरील अडचण आम्हांसही पडली. आणि अशा वेळी मराठी माणसाच्या ओठांवर आपोआप येणारे जे शब्द आहेत, तेच आमच्या लेखणीतून उतरले : ‘पुनश्च हरिः ॐ’.

शब्द लिहिले खरे, परंतु ते लिहिताच लेखणी थबकली. हे शब्द आता इतके वापरले गेले आहेत की त्यांवरचा छाप पुसून गेला आहे. दुखण्यातून उठलेला गवई पहिली बैठक करतो तेव्हा हेच शब्द. मोडलेली नाटकमंडळी पुन्हा उभी राहते तेव्हा हेच. उन्हाळ्याची सुटी संपून शाळेची घंटा होते तेव्हाही हेच. पुस्तकांचे गुणदोष दाखविणे हे टीकाकाराचे काम होय. तथापि भाषेत चालू असलेला एखादा शब्द हाती घेऊन त्याचा मूळचा कस पाहणे हेही त्याच कामात मोडते, असे आम्ही समजतो. सबब नेम धरण्यापूर्वी, ज्या मंत्राने तो धरावयाचा त्या मंत्राचाच थोडा विचार करण्याचे आम्ही ठरविले आहे.

हा मथळा ‘केसरी’च्या ४ जुलै १८९९ च्या अंकातील. त्यामागची हकीकत वाचकांस ठाऊक आहे. परंतु तारखांकडे लक्ष ठेवून ती पुन्हा पाहिली असता काही गोष्टी नव्याने नजरेस येतात. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग शिरला आणि लवकरच पुण्यातही त्याने ठाण मांडले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांविषयीचा कायदा झाला. पुण्यात रँड यांच्या हाताखाली घरांच्या झडत्या सुरू झाल्या, लोक संतापले, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. सरकारने पुण्यावर रोष धरला, त्यावर ६ व १३ जुलैच्या ‘केसरी’त जे दोन जळजळीत लेख आले, त्यांचे मथळे आजही लोकांच्या तोंडी आहेत. २७ जुलै रोजी टिळकांस मुंबईत पकडण्यात आले. खटला मात्र त्या दोन लेखांवर उभा राहिला नाही. १५ जूनच्या अंकातील शिवाजी-उत्सवाचा वृत्तांत आणि त्या सुमारास आलेली एक कविता यांवर तो उभारण्यात आला. नऊ ज्युरींपैकी सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी गृहस्थांनी निर्दोषी म्हटले. आणि १४ सप्टेंबर रोजी न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी १८ महिन्यांची सक्तमजुरी सांगितली. पुढे मॅक्स म्यूलर, विल्यम हंटर, दादाभाई नौरोजी आदिकरून मंडळींनी रदबदली केली, आणि मुदत पुरी होण्यापूर्वीच, ६ सप्टेंबर १८९८ रोजी, टिळक येरवड्याहून सुटले.

या तारखा कागदावर मांडून आम्ही दिवस मोजले, तेव्हा एक मौज आढळली. अटकेचा दिवस, सुटकेचा दिवस आणि ‘पुनश्च हरिः ॐ’चा दिवस, हे तिन्ही दिवस मंगळवार, आणि मंगळवार हा तर ‘केसरी’चाच वार. अटकेपासून सुटकेपर्यंत ५८ आठवडे, सुटकेपासून त्या लेखापर्यंत ४३. एकूण बरोबर १०१. या आकड्याकडे आम्ही पुढे एका निराळ्या कारणाने वळणार आहोत. तूर्त ४३ या आकड्याकडे पाहू. टिळक तुरुंगातून सुटले, आणि त्यांनी दुसऱ्याच मंगळवारी अग्रलेख लिहिला, असा या मथळ्याविषयी सर्वसाधारण समज असतो. मथळ्याचा आवेशच तसा आहे. परंतु वस्तुतः मध्ये दहा महिने गेले. त्यांत प्रकृती सुधारण्यासाठी सिंहगडावरचा मुक्काम झाला, डिसेंबरात मद्रासची राष्ट्रसभा झाली, तेथून सिलोनचा प्रवास झाला. म्हणजे परत येणे आणि परत लिहू लागणे या दोन गोष्टी त्यांच्याही बाबतीत एक नव्हत्या. ज्याच्या लेखणीवर सबंध प्रांताचे डोळे लागले होते, त्याने सुटकेनंतर इतके मंगळवार जाऊ दिले, ही गोष्ट नेम पुन्हा धरू पाहणाऱ्या सामान्य लेखकाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तिच्यात आमच्यासारख्यांच्या आळसाला आधार नाही. मात्र उतावळेपणाला उत्तर खास आहे.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत लपलेली आहे आणि ती आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. या सर्व मंगळवारांत ‘केसरी’ चालूच होता. साताऱ्याहून १८९६ साली पुण्यास आलेले नरसिंह चिंतामण केळकर आणि त्यांचे सहकारी यांनी तो सांभाळला होता. पुढे ‘साहित्यसम्राट’ म्हणून ज्यांचा गौरव झाला, त्या केळकरांच्या उमेदवारीचा तो काळ. दुसऱ्याच्या नावाचे पत्र, तेही सरकारच्या नजरेखाली, आठवड्यामागून आठवडा काढीत राहण्याचा. त्या अंकांतील कोणताही मथळा आज म्हण होऊन राहिलेला नाही. परंतु ते अंक निघाले नसते, तर ‘पुनश्च’ या शब्दाला अर्थच उरला नसता. पाठ खंडित झाला नव्हता; पाठ म्हणणारा एक कंठ काही काळ गप्प होता, इतकेच. पुन्हा येणाऱ्याला आपल्या येण्याचा सोहळा वाटतो. पण तो ज्या ओसरीवर येऊन बसतो ती मधल्या काळात कोणीतरी रोज झाडलेली असते, हे त्याने विसरू नये.

आता शब्दांकडे वळू. वेदपठणाच्या आरंभी ‘हरिः ॐ’ म्हणतात आणि समाप्तीसही म्हणतात, हे ज्यांच्या घरी पठणाचा प्रघात आहे त्यांस सांगणे नलगे. नवीन कामाला हात घालताना मराठी माणूस हे शब्द वापरीत नाही. तेव्हा तो ‘श्रीगणेशा’ करतो. श्रीगणेशा हा धुळाक्षराचा, कोऱ्या पाटीचा शब्द. उलटपक्षी, कोणी सुधारल्यासारखा वाटून पुन्हा जुन्या चाकोरीत जाऊन पडला, म्हणजे आपण ‘ये रे माझ्या मागल्या’ असे म्हणून त्याची थट्टा करतो. या दोन वचनांच्या मधोमध ‘पुनश्च हरिः ॐ’चे स्थान आहे, असे आम्हांस वाटते. श्रीगणेशात मागचे काहीच नाही, म्हणून त्यात स्मरण नाही. ‘मागल्या’त मागचेच सगळे आहे, म्हणून त्यात सुधारणा नाही. ‘पुनश्च हरिः ॐ’ म्हणणारा मात्र तीच संहिता उघडतो, जेथे थांबला होता तेथूनच पुढे म्हणू लागतो. परंतु मध्यंतरी जे सोसले त्याने त्याचा स्वर बदललेला असतो. संहिता तीच आणि स्वर निराळा, हा या तीन शब्दांचा खरा अर्थ होय. आज हे शब्द जेथे जेथे ऐकू येतात तेथे ते बहुधा श्रीगणेशाच्या अर्थाने तरी वापरलेले असतात, नाहीतर ‘मागल्या’चे उजळ नाव म्हणून तरी.

येथे असा प्रश्न उपस्थित होईल की, ज्या वर्षाने स्वर बदलला त्या वर्षाची हकीकत लेखकाने सांगू नये काय? टिळकांपुरते उत्तर असे दिसते की, त्यांनी त्या तुरुंगवासावर स्वतंत्र पुस्तक लिहिले नाही. मात्र ते वर्ष त्यांच्या लिखाणातून नाहीसे झाले असेही नाही. मॅक्स म्यूलरने पाठविलेली ऋग्वेदाची प्रत त्यांनी तुरुंगात वाचली, आणि त्या वाचनातून निघालेल्या ग्रंथाचा पहिला खर्डा १८९८ च्या अखेरीस तयार झाला. आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे होते असे प्रतिपादणारा तो इंग्रजी ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील सिद्धांत आज विद्वान मानीत नाहीत, तो भाग वेगळा. आमचे म्हणणे एवढेच की, वर्षाची आठवण सांगणे हा त्या वर्षाला लिखाणात आणण्याचा एकच मार्ग नव्हे. त्या वर्षाने दिलेल्या एकांतातून काम उभे करणे हाही एक मार्ग आहे, आणि तो पुष्कळ वेळां अधिक प्रामाणिक असतो.

परंतु या उत्तरावर समाधान मानून उठावे, तोच गोपाळ गणेश आगरकर आडवे येतात. १८८२ साली कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात आगरकर आणि टिळक या दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. १७ जुलैला ते डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि २६ ऑक्टोबरला सुटले. दोघेही त्या वर्षी २६ वर्षांचे झाले. त्यांपैकी टिळकांचा वाढदिवस, २३ जुलै, तुरुंगातच उजाडला. आगरकरांनी सुटल्यावर वेळ न दवडता जे पुस्तक लिहिले त्याचे नाव ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’. हाच तो १०१ चा आकडा. पहिल्या वेळी १०१ दिवस आणि दुसऱ्या वेळी १०१ आठवडे, हा निव्वळ योगायोग. त्यातून काही सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र दोन्ही ठिकाणी आकडा एकच पडल्यामुळे दोन वृत्तींतील अंतर मनात पक्के बसते. एकाने दिवस मोजून पुस्तकाला त्यांचेच नाव दिले. दुसऱ्याने आठवडे मोजले नाहीत, मोजण्याचे काम आमच्यासारख्यांवर सोडले.

आगरकरांच्या मथळ्यात आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो आकडा नव्हे, ‘आमचे’ हा शब्द. नियतकालिकांतून लिहिणारे आम्ही लोक ‘आम्ही’ हा शब्द सर्रास वापरतो. तो एकट्याचा असतो. अंगावर उपरणे घ्यावे तसा तो घेतलेला असतो. आगरकरांचा ‘आमचे’ मात्र शब्दशः खरा आहे. तेथे दोन माणसे होती. एकाच शिक्षेखाली होती. आणि पुढील आयुष्यात देशासाठी काय करावे याविषयी त्यांची बोलणी चालत असत. आता त्यापुढच्या तारखा पाहा. १८८७ साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले. १८८८ च्या ऑक्टोबरात ‘सुधारक’ निघाला. सामाजिक सुधारणा आधी की राजकीय, या वादात हे दोन मित्र एकमेकांवर किती तिखट लिहू लागले हे सर्वश्रुत आहे. १८९५ साली आगरकर वारलेही. म्हणजे आगरकरांनी अधिक शांतपणाने लिहावे, मन निवू द्यावे, आठवण पक्व होऊ द्यावी, असा विचार करून सहा वर्षे वाट पाहिली असती, तर त्या पुस्तकाच्या मथळ्यातील ‘आमचे’ हा शब्द त्यांस मोकळ्या मनाने लिहिता आला असता काय? आम्हांस तसे वाटत नाही. घटना टिकून राहिल्या असत्या, दिवसही १०१ च राहिले असते; नाहीसा झाला असता तो ‘आम्ही’. आठवण पिकू द्यावी हे म्हणणे खरे, पण सगळ्याच गोष्टी पिकेपर्यंत झाडावर राहत नाहीत.

तिसरे उदाहरण या दोघांहून निराळे आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक गृहस्थ १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. परत आल्यावर त्यांनी आपली भिक्षुकी पुढे चालविली. आणि सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून, सगळी हकीकत लिहून काढली. ‘माझा प्रवास’ वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखितानुसारी पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली छापला. येथे आठवण खरोखरच पिकलेली आहे, आणि ग्रंथ मराठीतील उत्तम गद्यग्रंथांत गणला जातो. असे का व्हावे? आमच्या मते त्याचे एक कारण हे की, गोडसे भटजी लेखक नव्हते. त्यांस कोणत्याही मासिकात परत यावयाचे नव्हते. त्या वर्षाच्या बळावर आपली बैठक सजवावयाची नव्हती. ज्याला लिखाणाचा धंदा नाही, त्याच्याजवळ आठवण पंचवीस वर्षे सुरक्षित राहते. लेखकाजवळ ती राहत नाही. तो रोज तिला हात लावतो, आणि प्रत्येक वेळी थोडी अधिक देखणी करून ठेवतो.

एवढा विचार झाल्यावर आमच्याच वर्षाकडे वळणे प्राप्त आहे. २०२० च्या मार्चमध्ये राज्यात जो कायदा लागू करण्यात आला तो १८९७ चाच, साथीच्या रोगांविषयीचा. आणि ३१ मे रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंध सैल करण्याच्या क्रमाला जे नाव दिले तेही त्याच काळातले : ‘पुनश्च हरिॐ’. कायदा आणि मथळा हे दोन्ही एकाच प्लेगच्या काळात जन्मले, आणि सव्वाशे वर्षांनी एकाच साथीत एकत्र आले, ही घटना भाषेच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावी अशी आहे. आणखी एक साम्य असे की, दोन्ही वेळां मंत्र म्हटला गेला तेव्हा रोग गेलेला नव्हता. १८९९ च्या जुलैत पुण्याचा प्लेग संपलेला नव्हता. २०२० च्या जूनमध्ये तर साथ अजून चढणीवर होती. संकट टळल्यावर म्हणावयाचा हा मंत्र नव्हे. संकट अंगणात असताना म्हणावयाचा आहे, हे त्यावरून दिसून येते.

कुरकुंभ हे गाव ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो की, येथे फिरंगाई देवीचे देऊळ आहे, औद्योगिक वसाहत आहे, आणि हमरस्ता आहे. गावाचे जीवन या तिहींभोवती फिरते. त्या वर्षी या तिहींची जी स्थिती झाली ती आम्ही जवळून पाहिली. देवळे भक्तांस बंद झाली ती दिवाळीच्या पाडव्यापर्यंत, १६ नोव्हेंबरपर्यंत, उघडली नाहीत. फिरंगाईचे नवरात्र दर्शनावाचून गेले. परंतु देवीची पूजा चुकली नाही. दार लोटून घेऊन ती होत राहिली. वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. औषधांच्या कामास मुभा होती, म्हणून पास खिशात घालून माणसे पाळीवर जात राहिली. आणि पलीकडे पाटसवरून रोटीच्या घाटाकडे जाणारी तुकोबांची पालखी त्या आषाढात पायी गेली नाही, पुढच्या वर्षीही नाही. पादुका मात्र एस.टी.च्या गाडीतून पंढरपुरास पोचल्या. २०२२ साली वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा सगळ्यांनी म्हटले, खंड पडला होता तो भरून निघाला. खरे पाहता खंड चालणाऱ्यांना पडला होता, वारीला नव्हे. केळकरांनी सांभाळलेल्या मंगळवारांविषयी वर जे लिहिले, ते समजण्यास आम्हांस पुस्तकांपेक्षा या लोटलेल्या दाराची अधिक मदत झाली.

हमरस्त्याची गोष्ट वेगळी. मार्चच्या अखेरीपासून तो एकदम मुका झाला, आणि मग त्यावरून माणसे पायी येऊ लागली. कोणी सोलापूरकडची, कोणी लातूरकडची, कोणी थेट कलबुर्गीची. पाठीवर गाठोडे, कडेवर मूल. आमच्या आळीतील बायकांनी कोणाच्या सांगण्याची वाट न पाहता घरटी भाकरी काढण्यास आरंभ केला. कोणी पीठ दिले, कोणी लाकूडफाटा, कोणी नुसता ठेचा. आम्ही वही घेऊन कडेला बसलो आणि टिपणे केली : कोणत्या दिवशी किती भाकरी झाल्या, कोणत्या घरून पीठ आले, चालणाऱ्यांनी आपापल्या गावांची नावे काय सांगितली. ती वही अद्याप आमच्याजवळ आहे.

या वहीचे काय करावे हाच आमच्यापुढचा खरा प्रश्न होता, आणि लिखाणाचा नेम लांबत गेला त्याचे कारणही तेच. नियमित लिखाण पुन्हा सुरू करावयाचे तर त्या वर्षाच्या हकीकतीनेच करावे, असे आमच्या मनाने घेतले होते. आम्ही तीन वेळां खर्डा केला. तिसरा खर्डा परक्याच्या पुस्तकाप्रमाणे वाचून पाहिला, तेव्हा टीकाकार या नात्याने आम्हांस जो दोष दिसला तो येथे स्पष्ट सांगितला पाहिजे. भाकरी भाजणाऱ्या बायका दोन ओळींत होत्या. त्या पाहून आमच्या मनात काय काय तरंग उठले, ते दोन पानांत होते. ‘आम्ही’ हा शब्द पानोपानी होता, आणि एकाही ठिकाणी त्याचा अर्थ आळी असा नव्हता. जे वर्ष अनेकांचे होते, त्याचे आम्ही एकट्याचे संस्मरणीय वर्ष करून ठेवले होते. दुसऱ्या कोणाचा ग्रंथ असता तर आम्ही त्यावर कठोर लिहिले असते. तेव्हा आपल्याच खर्ड्याला वेगळा न्याय लावणे बरे नव्हे, असे समजून तो बाजूस सारला.

कोणी म्हणेल, हा दोष लेखनाचा झाला. तो सुधारून हकीकत लिहिता आली असती. म्हणणे रास्त आहे, आणि येथेच आगरकरांनी दिलेला धडा आम्ही वेळेवर शिकलो नाही, याचे आम्हांस वाईट वाटते. खर्डे करण्यात आणि फाडण्यात वर्षे गेली. आळीतील जी म्हातारी रोज पहाटे पहिली चूल पेटवीत असे, ती मध्यंतरी वारली. तिच्याशेजारची दोन घरे कामासाठी पुण्याकडे गेली. उरलेल्यांत बांधावरून कज्जा लागून दोन घरांचे येणेजाणे बंद झाले; एकीच्या तव्यावर दुसरीने भाकरी टाकली होती, हे आज दोघींपैकी एकीलाही आठवू नये असे वाटते. वहीत सगळे आहे : तारखा आहेत, पिठाची मापे आहेत, गावांची नावे आहेत. नाही तो ‘आम्ही’. तो त्याच उन्हाळ्यात शब्दांत धरून ठेवावयास हवा होता; आणि तसा तो धरणे आगरकरांसारखे वेळेवर धाडस असणाऱ्यालाच साधते. मन निवू देण्याच्या नावाखाली आम्ही तो निसटू दिला.

तेव्हा निष्कर्ष काय? टिळकांचा मार्ग श्रेष्ठ, की आगरकरांचा, की गोडसे भटजींचा, असा निवाडा करण्याचे कारण नाही. प्रत्येक संस्मरणीय वर्षात दोन वस्तू असतात. एक, त्या वर्षाने लेखकाला शिकविलेले. दुसरी, त्या वर्षाने माणसांत उत्पन्न केलेले ऐक्य. पहिली वस्तू लेखकाच्या मालकीची आहे. तिला घाई नाही. ती लेखाचा विषय न होता त्याच्या पुढच्या सगळ्या लिखाणाच्या स्वरात उतरली तरी पुरे. दुसरी वस्तू त्याच्या मालकीची नाही आणि ती नाशवंत आहे. तिची नोंद करावयाची तर तत्काळ करावी, आणि ज्यांची ती आहे त्यांच्या नावाने करावी. या दोहोंची गल्लत झाली म्हणजे उशिरा लिहिलेल्या आठवणींत पाल्हाळ शिरतो आणि लगेच लिहिलेल्या आठवणींत मिरवणूक. अलीकडे साथीच्या काळाविषयी जे पुष्कळ लिहिले गेले, त्याची परीक्षा या कसोटीवर घेऊन पाहावी, अशी वाचकांस आमची विनंती आहे. आणि आमच्या लिखाणासही त्यांनी हीच कसोटी लावावी.

वहीविषयी आम्ही असे ठरविले आहे की, तीतील टिपणे जशीच्या तशी, आमचे तरंग वगळून, स्वच्छ अक्षरात उतरावयाची, आणि ज्या ज्या घरांची नावे तीत आहेत त्या प्रत्येक घरी एकेक प्रत नेऊन द्यावयाची. ज्या दोन घरांचे जाणेयेणे तुटले आहे त्यांसही. त्यांनी ती जपून ठेवावी की चुलीत घालावी, हा त्यांचा प्रश्न. या मासिकाच्या पानांत ती येणार नाही. या पानांत यापुढे दरमहा पूर्वीप्रमाणेच पुस्तकांविषयी लिहावयाचे, हाच आमचा नेम. मध्यंतरी ज्या मंडळींनी ही पाने नेमाने भरली, त्यांच्या ऋणाचा उल्लेख त्यांच्या परवानगीवाचूनच येथे करतो.

पाठाच्या आरंभी जे शब्द म्हणतात तेच समाप्तीसही म्हणतात, हे वर सांगितलेच आहे. म्हणून मथळ्याचे शब्द लेखाच्या अखेरीस पुन्हा लिहिण्यास हरकत नव्हती. परंतु मंत्राविषयी इतके लिहिल्यावर तो म्हणण्यापेक्षा पाठाला लागणे बरे. टेबलावर परीक्षणासाठी आलेली पुस्तके साचली आहेत. त्यांतील सर्वांत वरचे पुढील महिन्यात.